क्लोराइड मोजताना मी नक्की काय मोजत होते?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी ‘जिवंत पेशीतलं क्लोराइड’ हा विषय घेतला. मिठात असतं तेच, असं सांगितल्यावर आजी म्हणाली, “मग चाखून बघ की!”

चाखायला आमच्याकडे चमकणारं प्रथिन असतं. मूळचं हिरवं, जेलीफिशमधलं. ओसामु शिमोमुरा यांच्या १९६२च्या शोधनिबंधातलं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; त्यात २०३व्या जागी टायरोसिन हे अमिनो आम्ल घातलं की उजेड पिवळ्याकडे झुकतो. १४८व्या जागच्या हिस्टिडिनऐवजी ग्लुटामिन आणलं, की क्लोराइडला ते जास्त दाद देतं. क्लोराइड आत बसलं की उजेड मंदावतो.

हा एक बदल करण्यात माझा पावसाळा गेला. दोनदा पुण्याहून डीएनएचा सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचा क्रम, न बदलता जसाच्या तसा परत आला. मूळ, न बदललेलं प्लास्मिड (प्रथिनाची कृती वाहणारी डीएनएची गोल कडी) मी जास्त ओतत होते आणि ते कापून टाकणाऱ्या एन्झाइमला सगळं उरकत नव्हतं. तिसऱ्यांदा जमलं.

मग ते मानवी पेशींत घातलं. मायक्रोस्कोपखाली डिश ठेवायची, बाहेरच्या द्रवातलं क्लोराइड काढून त्याच्या जागी ग्लुकोनेट हा दुसरा आयन घालायचा, म्हणजे आतलं क्लोराइड बाहेर पडतं, आणि बघत बसायचं. उजेड वाढला! वीस मिनिटं वाढतच राहिला. तीन आठवडे मी असे देखणे आलेख काढले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढंच विचारलं, “आणि द्रव बदललाच नाही तर?”

ते मी केलंच नव्हतं. केलं, तरीही उजेड वाढला.

उत्तर टेबलावर पडलं होतं. सकाळी बाहेर विसरलेली पेशींची डिश संध्याकाळी जांभळट गुलाबी झाली होती. इनक्युबेटरमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेर नसतो. तो उडून गेला की बायकार्बोनेटचं मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) अल्कली होतं आणि त्यातलं फिनॉल रेड हे आम्ल-अल्कली दाखवणारं रंगद्रव्य रंग बदलतं. मायक्रोस्कोपसाठी मात्र मी मुद्दाम बिनरंगाचं मीडियम घेत होते, कारण फिनॉल रेड स्वतःही थोडा चमकतो. म्हणजे धोक्याची खूण मीच काढून टाकली होती.

सांगलीकराला हे सांगायला लागू नये. राजापुरी हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तसलाच प्रकार. माझ्या प्रथिनाच्या रंगकेंद्रावर, म्हणजे चमकणाऱ्या भागावर, प्रोटॉन बसला की ते विझतं, सुटला की उजळतं; अल्कलीत प्रोटॉन सुटतो. आणि क्लोराइडचं कामही याच वाटेने होतं: ते शेजारी बसलं की प्रोटॉन जास्त सहज चिकटतो. त्यामुळे हात कितीही सफाईदार असला तरी अल्कलीचा आणि क्लोराइडचा परिणाम वेगळे होत नाहीत.

मग हेपेस (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, स्थिर ठेवणारं रसायन) घातलेलं, बायकार्बोनेट नसलेलं मीडियम घेतलं. शेजारच्या डिशमध्ये फक्त पीएच दाखवणारं फ्लुओरिन हे प्रथिन ठेवलं, १९९८चं. शेवटी नायजेरिसिन आणि ट्रायब्युटिलटिन ही रसायनं घालून पेशीच्या आतलं-बाहेरचं पीएच आणि क्लोराइड सारखं केलं आणि ठराविक पीएचला, माहीत असलेल्या क्लोराइडवर उजेड मोजून मोजपट्टी बनवली. ट्रायब्युटिलटिन विषारी, दोन हातमोजे घालूनही घरी जेवायला बसताना मी हात तीनदा धुवायचे.

ग्लुकोनेटची वाढ उरली, पण पहिल्या आलेखाच्या निम्मीही नाही. प्रबंधात तीच गेली. जुने आलेख परिशिष्टात टाकले, मॅडमच्या आग्रहाने.