पुलापलीकडची डिलिव्हरी आणि दोन राज्यांचा टॅक्स

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल टॅक्सचं मला काही विचारू नका, ते एका संध्याकाळी उरकलं. १०९९-एनईसी (पगारावर नसलेल्यांना कंपनी देते तो कमाईचा फॉर्म), शेड्यूल सी (धंद्याच्या नफ्याचा फॉर्म), गाडीच्या खर्चापोटी मैल गुणिले ६७ सेंट (हा २०२४ चा रेट), वर तो स्वतःचं काम करणाऱ्यांना लागणारा १५.३ टक्क्यांचा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स बघून पोटात गोळा आला, पण संपलं. खरा ताप स्टेटचा, म्हणजे राज्याच्या टॅक्सचा. आणि स्टेट एक असतं तर रडले नसते. आम्ही राहतो चेरी हिलला, म्हणजे न्यू जर्सीत, आणि मी फूड डिलिव्हरी करते ती बऱ्याचदा पूल ओलांडून नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात, कारण तिकडे ऑर्डरी एकामागोमाग एक येतात आणि टिपाही बऱ्या पडतात.

आता आमच्याकडे कुठल्याही देशी पार्टीत जा, कुणीतरी छातीठोकपणे सांगणारच की जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा करार आहे, राहता तिथेच टॅक्स भरायचा, तिकडचं बघायचंच नाही. नवराही हेच म्हणत होता, त्याचं ऑफिस फिलाडेल्फियाच्या सेंटर सिटीत आहे आणि त्याच्या पगारातून पेनसिल्व्हेनियाचा स्टेट टॅक्स कधी कापलेला नाही. मग एका टॅक्सवाल्याकडे गेले तर त्यानेही माझ्या कागदांकडे ढुंकून न बघता, फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलता बोलता हेच सांगितलं आणि फी मात्र दोन स्टेटची सांगितली. म्हटलं, टॅक्स एकाच स्टेटला लागतो तर फी दोनची कशाला? तिथेच मला शंका आली.

घरी येऊन सूचना वाचल्या. करार आहे, पण तो फक्त नोकरदारांच्या पगाराला, मजुरीला, कमिशनला. १०९९ वाल्याची कमाई म्हणजे धंद्याचा नफा, तो करारात बसतच नाही. म्हणजे फिलाडेल्फियात कमावलेल्या पैशांवर नॉनरेसिडेंट (तिथे न राहणारी) म्हणून पेनसिल्व्हेनियाचा रिटर्न, पीए-४०, भरायचा, सरसकट ३.०७ टक्के. आणि कधीपासून भरायचा, तर तिथलं वर्षाचं ढोबळ उत्पन्न ३३ डॉलरच्या वर गेलं की! हो, तेहेतीसच, टायपो नाहीये. टॅक्सवाल्याला फोन करून हे सांगितलं तर म्हणतो, एवढं कोण बघतंय. बरं.

तर आता मुद्दा असा की फिलाडेल्फियात नक्की किती कमावले. इथे माझं सगळं घोडं अडलं. १०९९ वर आकडा एकच, वर्षभराचा, आणि पत्ता माझा जर्सीचा. कुठल्या राज्यात किती ते कंपनी सांगतच नाही. हेल्प चॅटवर विचारलं तर दर वेळी तेच उत्तर, तुमचा १०९९ टॅक्स सेक्शनमध्ये उपलब्ध आहे. अरे बाबा तो उपलब्ध आहे, समोर उघडलाय, मी दुसरंच विचारतेय! शेवटी एक खरा माणूस आला आणि त्याने अतिशय नम्रपणे टॅक्स प्रोफेशनलचा सल्ला घ्या असं सांगून चॅट बंद केला.

डाउनलोड करायला जावं तर आठवड्याची बेरीज मिळते. एकेक ट्रिप बघायची तर ॲपमध्ये ती उघडायची, नकाशा लोड होईपर्यंत थांबायचं, ठिपका नदीच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, आकडा लिहून घ्यायचा आणि बॅक दाबायचं, की यादी परत पहिल्यापासून, म्हणजे सगळ्यात ताज्या ट्रिपपासून सुरू. मार्चमधल्या ट्रिपपर्यंत पोचायला दर वेळी डिसेंबरपासून खाली खाली स्क्रोल करत जायचं. समोर मुलगी होमवर्क करत होती, ती म्हणाली आई तू फोनला का ओरडतेयस.

सुटका झाली ती टोलमुळे. बेन फ्रँकलिन पुलावर टोल एकाच दिशेने घेतात, जर्सीतून फिलाडेल्फियात जाताना, परत येताना नाही. म्हणजे ई-झेडपासचं (टोल आपोआप कापणाऱ्या खात्याचं) स्टेटमेंट काढलं की मी कुठल्या तारखेला किती वाजता पलीकडे गेले त्याची यादीच हातात! सप्टेंबर २०२४ मध्ये टोल ५ चा ६ डॉलर झाला तेव्हा मी त्या पुलाला काय काय बोलले होते, तोच कामाला आला. मग नुसते ते दिवस घेतले, टोलच्या वेळेनंतरच्या ट्रिपा घेतल्या, फोनमधल्या टाइमलाइनवरून परत किती वाजता आले ते बघितलं, आणि बाकीचे दिवस सगळे जर्सीत टाकले. ऑर्डर तिकडून उचलून इकडे जर्सीत कॅमडेनला किंवा कॉलिंग्सवुडला आणून दिली असेल तर मैलांच्या प्रमाणात वाटली. हा नियम मी एका कागदावर लिहून तारीख घालून फाइलला लावलाय, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. फक्त कमाई वाटून भागत नाही हं, मैलही तसेच वाटावे लागतात, नाहीतर खर्च एकीकडे आणि उत्पन्न दुसरीकडे असं होतं. आणि टोल हा मैलांच्या रेटमध्ये धरलेला नसतो, तो वेगळा वजा होतो. पार्किंगचंही तसंच, दंड मात्र नाही.

हे झालं आणि वाटलं सुटले. तर राज्याच्या खाली शहर! फिलाडेल्फियाचा नेट प्रॉफिट्स टॅक्स (धंद्याच्या नफ्यावरचा) वेगळा, नॉनरेसिडेंटला साडेतीन टक्क्यांच्या जरा खाली. नोकरदारांच्या पगारातून शहराचा वेज टॅक्स आपोआप कापला जातो, आपलं आपणच भरायचं. त्याच्या जोडीला बर्ट म्हणून धंद्याचा टॅक्स आहे, त्यात २०२४ पर्यंत पहिल्या १ लाख डॉलरच्या उलाढालीला सूट होती त्यामुळे मला काही लागला नाही. शहराच्या टॅक्स सेंटरवर अकाउंट उघडावं लागतं. कमर्शियल ॲक्टिव्हिटी लायसन्स, म्हणजे शहरात धंदा करायचा परवाना, पण लागतं, ते फुकट आहे, पण ते काढायचं असतं हे सांगणारा मला एक जण भेटला नाही.

रिटर्न भरायला सॉफ्टवेअर वापरत असाल तर आधी पेनसिल्व्हेनिया पूर्ण करा, मग जर्सी. मी आधी जर्सी उघडलं होतं तर ते क्रेडिटच्या (दुसरीकडे भरलेला टॅक्स वजा करायच्या) पानावर अडूनच बसलं, कारण तिकडचा टॅक्स किती हे त्याला माहीतच नव्हतं. जर्सीच्या रिटर्नला, एनजे-१०४० ला, शेड्यूल एनजे-सीओजे जोडून दुसरीकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, राज्याचंही आणि फिलाडेल्फियाचंही, पण पूर्ण मिळेल या भ्रमात राहू नका. तेवढ्या उत्पन्नावर जर्सीचा स्वतःचा जितका टॅक्स बसतो तितकंच क्रेडिट, आणि जर्सीचे स्लॅब १.४ टक्क्यापासून सुरू होतात, त्यामुळे राज्य आणि शहर मिळून तिकडे साडेसहा टक्क्यांच्या आसपास गेले त्यातला बराच भाग बुडीत खात्यात. पूल ओलांडण्याची ही खरी किंमत, टोल सोडून.

हो, आणि ट्रिपांचे स्क्रीनशॉट दर रविवारी काढून ठेवा, त्या त्या आठवड्याचे, वर्षाच्या शेवटी ते ॲप उघडायची वेळ आणू नका. इस्टिमेटेड टॅक्सचंही (आगाऊ हप्त्यांनी भरायच्या टॅक्सचं) आत्ताच बघा, जर्सीला ४०० डॉलरच्या वर देणं निघणार असेल तर एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीत हप्ते भरावे लागतात, नाहीतर व्याज. जोडीदाराची नोकरी असेल तर त्याच्या पगारातून थोडा जास्त कापून घ्यायला सांगायचं, आम्ही तेच केलं, हप्त्यांची कटकटच नको.

२०२५ पासून ती बर्टची १ लाखाची सूटही गेली, म्हणजे आता थोड्याशा कमाईवरसुद्धा तो हिशोब मांडायचा. मी ॲपमध्ये एरिया बदलून चेरी हिल आणि हॅडनफील्ड एवढाच ठेवलाय. शुक्रवारी संध्याकाळी जरा कमी सुटतात, पण १०९९ चा आकडा आहे तसा एकाच राज्यात जातो.