मुकं दार, बोलकं दार

पॉवर विंडोचं बटण दाबलं आणि काच हलली नाही, की बहुतेक जण तेच बटण आणखी जोर लावून दाबतात. वीज जणू अंगठ्याच्या ताकदीवर धावते! माझं म्हणणं, जोर राहू द्या, रेडिओ बंद करा आणि कान द्या.

आत मोटर घुंईं करून फिरतेय आणि काच जागची हलत नाही, तर विजेचा काही दोष नाही. काच वर-खाली सरकवणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे रेग्युलेटरची, केबल तुटलीय, नाहीतर काचेची पकड सुटलीय. आवाजच नसेल, तर छतातला दिवा लावून बटण दाबावं. दिवा किंचित मंदावला, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय, पण मोटर किंवा काच अडकून बसलीय. दिवा ढिम्म, म्हणजे करंट बहुधा वाटेतच अडलाय. नव्या गाड्यांतले एलईडी अशी चुगली करतीलच असं नाही. तिथे करंट तपासायला टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर काढावा लागतो.

काच खाली जाते, पण वर येत नाही, अशी तक्रार आली की लोक लगेच मोटर बदलायला निघतात. बिचारी मोटर! तिला उलटं फिरवायला फक्त तिच्या दोन वायरींवरचे प्लस-मायनस आलटायचे असतात, आणि ते काम बटणाचं. एका दिशेला नीट फिरणारी मोटर सहसा निर्दोष असते; बटणाचे पॉइंट काळे पडलेत का ते आधी बघावं. त्यातही जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये मागच्या दाराचा करंट ड्रायव्हरजवळच्या मुख्य बटणातून फिरून जातो. म्हणजे रडतंय एक दार आणि चिमटा काढणारं दुसरंच.

माझा सगळ्यात लाडका संशयित मात्र वेगळाच आहे: दार आणि ते ज्याला बिजागरीने जोडलेलं असतं तो गाडीचा खांब, यांच्यामधली रबरी नळी. त्या दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात आणि दार उघडताना, मिटताना दर वेळी वाकतात. तार वाकवून वाकवून तोडावी, तसं आतलं तांबं तुटतं. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि बघणारा फसतो. दार अर्धं उघडलं की काच चालते, मिटलं की बंद, असं झालं तर आधी ही नळी सोडवून एकेक वायर हलकेच ओढून पाहावी. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते. एकाच दाराची काच आणि सेंट्रल लॉक दोन्ही एकदम गेले असतील, तर मी दाराचं आतलं आवरण, म्हणजे पॅड, उघडण्याआधी इथेच हात घालतो.

सगळ्या काचा एकाच वेळी बंद पडल्या असतील, तर बहुधा फ्यूज किंवा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्यात फारसं रहस्य नाही.

सेंट्रल लॉकचे नखरे निराळे. रिमोट दाबला की खट्‌ करून लागतं आणि लगेच खट्‌ करून उघडतं. भूतबित काही नाही; बहुधा एखादं दार उघडंच आहे असा गाडीचा समज झालेला असतो. दार अडकवणाऱ्या खटक्यात, म्हणजे लॅचमध्ये, एक छोटा स्विच असतो, तो खोटं बोलू लागतो. सगळी दारं मिटल्यावरही डॅशबोर्डवर दार उघडं असल्याची खूण दिसत असेल, तर चोर सापडलाच. एकाच दाराचं लॉक कण्हत, अर्धवट सरकत असेल, तर त्याचा ॲक्च्युएटर, म्हणजे लॉक सरकवणारी छोटी मोटर, बहुधा थकलाय. आणि एकही दार हूं की चूं करत नसेल, तर गाडीला हात लावण्याआधी दुसरी किल्ली वापरून पाहावी. त्या रिमोटला लॉक लागलं, तर पहिल्यातला बटणाएवढा सेल संपलेला असणार.