व्हेप घेताना मी आधी बॅटरी पाहिली

कॉलेजात लागलेली सिगारेट सोडायची म्हणून मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मोफत स्टॉप स्मोकिंग सेवेकडे गेलो. तिथल्या सल्लागार बाईंनी पॅच, निकोटिनचं च्युइंगम आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, असे पर्याय समोर ठेवले. पॅच आणि च्युइंगम मी पूर्वी करून पाहिलं होतं. तलफ थोडी दबायची, पण हाताला आणि ओठांना असलेली सवय काही भागायची नाही. म्हणून व्हेप. बाईंनी स्वच्छ सांगितलं की हे सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, पण निरुपद्रवी नाही, आणि जो सिगारेट ओढतच नाही त्यानं याच्या वाटेला जाऊच नये. तेच मीही आधी सांगून टाकतो. पुढचं सगळं सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढ माणसासाठी आहे, आणि तेही जिथे व्हेप कायदेशीर आहे तिथल्या.

मी मूळचा इचलकरंजीचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. दुकानात गेली की पोरं पहिल्यांदा फ्लेवर विचारतात. मला विचारायचं होतं ते वेगळंच: आत सेल कोणता आहे, तो बाहेर काढता येतो का, आणि किती करंट ओढला जाणार आहे. व्हेपमध्ये असतं काय? वाफ करणारी छोटी कॉइल, भोवती कापूस, निकोटिनचं लिक्विड आणि बॅटरी. पहिल्या तिन्ही वस्तू स्वस्त आणि सतत बदलायच्या. माणसाला इजा करू शकते ती चौथी, आणि यंत्र किती काळ टिकणार हेही तीच ठरवते. मग पैसे आणि डोकं तिच्यावरच खर्च करायला नको का?

भीती पोकळ नव्हती. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना त्यात आहेत, आणि १३३ ठिकाणी माणसं जखमी झालेली. जवळपास एक-तृतीयांश वेळा यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता. लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. शॉर्टमुळे किंवा जास्त करंटमुळे आतली उष्णता वाढली की तो वितळतो, मग आतल्या आत शॉर्ट होतो, उष्णता आणखी वाढते, आणि एकदा हे सुरू झालं की स्विच बंद करून थांबत नाही. आतलं इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील. दंडगोल धातूच्या डबीत हे घडलं की तयार झालेला वायू एका टोकातून सुटतो. लोखंडी नळीच्या आकाराच्या यंत्रात तो सेल बसवला असेल तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

दुकानात दोन जातींची यंत्रं दिसतात. एक ढगासारखी वाफ सोडणारी, ६० ते ८० वॅटची; वाफ थेट छातीत ओढायची. दुसरी १० ते १५ वॅटची, सिगारेटसारखा तोंडात झुरका घेऊन मग आत ओढायची. नव्या माणसाला पहिलीचं आकर्षण वाटतं, कारण ती मोठी, वजनदार आणि ‘दमदार’ दिसते. मी वहीत गणित मांडलं. सेल उतरत आला की त्याचा व्होल्टेज ३.२ च्या आसपास येतो, आणि तेव्हाच यंत्र सर्वांत जास्त करंट मागतं. ८० वॅट भागिले ३.२ म्हणजे २५ अँपिअर. सर्किटमध्ये दहा टक्के वाया जातात असं धरलं तर २८. हा सगळा भार एका अंगठ्याएवढ्या सेलवर. तेच १२ वॅटला करा: जेमतेम ४ अँपिअर.

म्हणजे सुरक्षिततेचा अर्धा निर्णय आपण कशी वाफ ओढणार यावरच होऊन जातो. आणि सिगारेट सोडणाऱ्याला खरं तर ढग नकोच असतो, निकोटिन हवं असतं. ब्रिटनच्या २०१६ च्या नियमांनुसार लिक्विडमध्ये मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं. २० चं लिक्विड कमी वॅटच्या यंत्रात भरलं की चार झुरक्यांत तलफ जाते. मग ८० वॅट कशासाठी? सेल आयुष्यभर दमेल असा भार त्याच्यावर टाकायचा, वर लिक्विडही भसाभस संपवायचं. मला यात ना सुरक्षा दिसली, ना काटकसर. १२ वॅट पक्के केले आणि निम्मं दुकान यादीतून बाद झालं.

मग प्रश्न आला आत बसवलेली बॅटरी की सुटा सेल. याचं एकच बरोबर उत्तर नाही. आत बसवलेल्या बॅटरीला सहसा स्वतःचं संरक्षक सर्किट असतं, ती कोणी उलटी घालू शकत नाही, खिशात किल्ल्यांना लागून शॉर्ट होऊ शकत नाही. तोटा एवढाच की काही शे वेळा चार्ज झाली की क्षमता घसरते, आणि मग अख्खं यंत्र टाकावं लागतं. सुटा सेल संपला तर सात-आठ पौंडांत नवा येतो आणि यंत्र वर्षानुवर्षं चालतं. पण सॅमसंग, एलजी यांच्यासारखे सेल बनवणारेच सांगतात की हे सेल संरक्षक सर्किटसह पॅकमध्ये वापरण्यासाठी आहेत, ग्राहकानं सुटे हाताळण्यासाठी नाहीत. हा इशारा मी हलका मानत नाही. माझा रोजचा धंदा वायरचा आणि मीटरचा, आणि भार फक्त १२ वॅटचा, म्हणून मी सुट्या सेलचं यंत्र घेतलं. ज्याला सेल हाताळायची सवय नाही त्यानं आत बसवलेल्या बॅटरीचंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. चार पौंड वाचवण्यासाठी यात धाडस करू नये.

यंत्र निवडताना मी काय काय उघडून पाहिलं तेही सांगतो. बॅटरीच्या झाकणाला वायू सुटायची भोकं आहेत का. सेल उलटा घातला तर यंत्र चालू होत नाही ना. कॉइल शॉर्ट असेल तर ते स्क्रीनवर सांगतं का, आणि बटण दाबून धरलं तर दहा सेकंदांत आपोआप बंद पडतं का. ब्रिटनमध्ये निकोटिनच्या व्हेपची नोंद औषध नियामकाकडे, म्हणजे एमएचआरएकडे, करावी लागते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. मॉडेलचं नाव तिथे शोधलं. मेकॅनिकल मॉड नावाचा प्रकार मात्र मी हातातही घेतला नाही. त्यात सर्किटच नसतं. सेल, बटण आणि कॉइल, बस्स. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा, त्यावर ०.१५ ओहमची कॉइल लावली की २८ अँपिअर, आणि थांबवणारं कोणी नाही. हे विकत घेणाऱ्या किती जणांना ओहमचा नियम येत असेल?

सगळ्यात जास्त वेळ सेल निवडण्यात गेला. माझ्या यंत्रात १८६५० बसतो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. ऑनलाइन शोधलं तर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, सेलची क्षमता मोजायचं एकक) लिहिलेले सेल निम्म्या किमतीत. हे निव्वळ खोटं. या आकारातल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या चांगल्या सेलची क्षमताही साधारण ३५०० ते ३६०० च्या आसपास असते. आणि क्षमता वाढली की करंट देण्याची ताकद साधारणपणे घटते: ३५०० चा सेल सतत १० अँपिअरच्या आसपास देतो, तर सॅमसंगचा २५आर हा २५०० चा सेल सतत २० अँपिअर देतो. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ३५ किंवा ४० अँपिअर छापलेलं असतं ते बऱ्याचदा क्षणभराचं असतं. आपल्याला पाहायचा तो सतत देता येणारा करंट, आणि तो वेष्टनावरून नव्हे तर सेल बनवणाऱ्या कंपनीच्या डेटाशीटवरून, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रकावरून. बाजारातले अनेक चकचकीत ‘ब्रँड’ स्वतः सेल बनवतच नाहीत. दुसऱ्याचा सेल घेतात, वर आपलं वेष्टन चढवतात.

मी २५आर घेतले, फक्त बॅटरी विकणाऱ्या दुकानातून. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. अस्सल १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. नकली बरेचदा हलका निघतो. वजन जुळलं म्हणजे सेल अस्सल असं सिद्ध होत नाही, पण नाही जुळलं तर परत करायला तेवढं पुरे.

वेष्टनाचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कमीच. वरच्या टोकावरची छोटी टिकली पॉझिटिव्ह, आणि उरलेली संपूर्ण डबी, अगदी त्या टिकलीच्या शेजारच्या कडेपर्यंत, निगेटिव्ह. दोघांच्या मध्ये एक पांढरी चकती आणि प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तो कडेला फाटला आणि यंत्राचा धातू तिथे टेकला की थेट शॉर्ट. आमच्या मराठी मंडळातला एक मित्र असे दोन सेल जॅकेटच्या खिशात नाण्यांबरोबर घेऊन फिरायचा. पाहिल्याबरोबर ते मागून घेतले. म्हणाला, "अरे, वर्षभर काही झालं नाही." मी म्हटलं, "वहिनींना विचार, तुझं हे जॅकेट घरात कुठे लटकतं ते." खुंटीवर, पोरांच्या दप्तरांशेजारी. दोन्ही सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि दुकानाच्या जुन्या बॅटरीच्या पेटीत टाकून आलो. त्यानं मग आत बसवलेल्या बॅटरीचं १५ वॅटचं यंत्र घेतलं. माझ्याकडे दोन सेलची प्लास्टिकची डबी आहे. तिच्याशिवाय सुटा सेल घराबाहेर जात नाही.

चार्जिंगचे नियम आमच्या घरी बायकोनं घालून दिले आणि ते मला मान्य आहेत. चार्जर स्वयंपाकघराच्या लादीवर, खाली काही जळण्यासारखं नाही, आणि घरात माणूस जागा असतानाच. रात्री नाही, पलंगावर तर नाहीच. सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरमध्ये लावतो, १ अँपिअरवर. अडीच-तीन तास लागतात, लागू देत. आत बसवलेल्या बॅटरीचं यंत्र असेल तर त्याच्या पत्रकात लिहिलेला व्होल्टेज आणि करंट पाहून तसाच अडॅप्टर लावावा. मोबाईलचा ताकदीचा फास्ट चार्जर हाताशी आहे म्हणून खुपसू नये. सेल कोमट होणं ठीक. हाताला गरम लागला, फुगला, गोडसर वास आला की तो त्या क्षणी वापरातून बाद.

आता पैसे. इथे वीस सिगारेटच्या पाकिटाला पंधरा पौंडांच्या वर मोजावे लागतात, त्यामुळे कुठलंही व्हेप स्वस्तच वाटतं आणि तिथेच माणूस ढिला पडतो. माझं यंत्र पंचवीसच्या आसपास, दोन सेल आणि चार्जर मिळून जवळपास तेवढेच. एका सेलमध्ये साधारण ९ वॅट-अवर ऊर्जा असते. १२ वॅटवर तीन-तीन सेकंदांचे सातशे तरी झुरके निघतात, म्हणजे माझ्या वापराला दोन दिवस निवांत. ८० वॅटवर तोच सेल शंभरेक झुरक्यांत संपतो, रोज एक-दोनदा चार्ज करावा लागतो आणि वर्षाच्या आत थकतो.

एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर इथे १ जून २०२५ पासून बंदी आली. मला तिचं मनापासून समाधान वाटलं. मटेरियल फोकस या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीनुसार ब्रिटनमध्ये आठवड्याला सुमारे ५० लाख अशी व्हेप टाकली जात होती. प्रत्येकात पुन्हा चार्ज होऊ शकणारा लिथियम सेल, एकदाच वापरलेला. कचऱ्याच्या गाडीत ते चिरडले की आग लागते आणि ती सोसतात सफाई कामगार. बंदीनंतर तीच यंत्रं चार्जिंगचं भोक पाडून पाच-सहा पौंडांना विकायला आली आहेत. त्यांतल्या बॅटरीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना क्षमता. मी घेणार नाही.

मध्ये आईकडे जायचं ठरलं तेव्हा यंत्राचं काय करायचं हा प्रश्न आलाच. विमानात लिथियम सेल फक्त हातातल्या बॅगेत चालतात, पण भारतात जाताना तो विचारच नको. २०१९ च्या कायद्यानं तिथे ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक सगळं बंद आहे. पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सल्लागार बाईंशी बोलून मी पॅच आणि च्युइंगम नेलं. सेल यंत्रातून काढले, साधारण निम्मे चार्ज ठेवून डबीत घातले आणि थंड खोलीच्या कपाटात ठेवून निघालो. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा सेल आठवडेच्या आठवडे पडून राहिला तर लवकर खराब होतो.

पुण्यात पुतण्या म्हणाला, "काका, इथे मिळतं की, सांगा फक्त." त्यानं मित्राचं एक आणून दाखवलं. रंगीत डबी, वर हजारो झुरक्यांचा दावा. बॅटरीबद्दल एक शब्द नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. बंदी असल्यामुळे तपासणारंही कोणी नाही, आणि काही झालं तर तक्रार कोणाकडे करणार? पुतण्या सिगारेट ओढत नाही. त्याला बसवून मी हे सगळं सांगितलं: आधी निकोटिनचं, मग त्या डबीतल्या सेलचं. त्यानं ती त्याच संध्याकाळी परत दिली. मी तिथे असेपर्यंत च्युइंगमवर काढलं. जड गेलं, पण सिगारेट पेटवली नाही.

परत आल्यावर सेल मीटरवर तपासले, दोन्ही जसे ठेवले होते तसेच निघाले. सध्या २० वरून १० मिलिग्रॅमच्या लिक्विडवर आलोय. निकोटिन कमी केलं की झुरके वाढतात, तसे माझेही वाढले, पण वॅट वाढवायचे नाहीत हे बाईंशी ठरलेलं आहे. पुढची पायरी ५ ची.