कॉन्फितेओरचा तास

आमच्या पिढीच्या वसईकर मुलांना लॅटिन आधी पाठ झालं, कळलं फार नंतर. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आल्टर बॉय म्हणून वेदीजवळ फादरांच्या मदतीला उभं राहायचं तर ‘कॉन्फितेओर देओ ओम्निपोतेन्ती’, ‘सर्वसमर्थ देवाजवळ मी कबूल करतो’, ही पापांच्या कबुलीची प्रार्थना एका दमात म्हणता आली पाहिजे. कमरेत वाकायचं, ‘मेआ कुल्पा’ला, म्हणजे ‘माझा अपराध’ला, तीनदा छातीवर मूठ मारायची. आम्ही इतक्या सुसाट सुटायचो की प्रार्थनेतली संतांची नावं एकमेकांच्या अंगावर पडायचे.

शाळा सुटल्यावर फादर लॅटिनचा जादा तास घेत. पोरगा सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शाळेत, जाईल अशी घरच्यांना आशा होती, अशीच मुलं बहुतेक तिथे. फादरांनी फळ्यावर लिहिलं : ‘लाउदो’, मी स्तुती करतो, ‘लाउदोर’, माझी स्तुती केली जाते. शेवटी ‘र’ दिसला की कर्मणी, हे आम्ही घोकून टाकलं. मग त्यांनी खडू ठेवला आणि विचारलं, “काय रे, रोज सकाळी ‘कॉन्फितेओर’ म्हणता. त्यालाही ‘र’ आहे. मग तुमची पापं कबूल करतं कोण, तुम्ही की शेजारचा?”

हा डेपोनंट धातू. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. ‘देपोनेरे’ म्हणजे उतरवून ठेवणं. कर्मणी अर्थ उतरवून ठेवलेला तो डेपोनंट, अशी जुन्या व्याकरणकारांची समजूत. रूपं आम्ही पाढ्यांसारखी म्हणायचो : कॉन्फितेओर, कॉन्फितेरिस, कॉन्फितेतुर, कॉन्फितेमुर, कॉन्फितेमिनी, कॉन्फितेन्तुर. भूतकाळ ‘कॉन्फेस्सुस सुम’, बाई बोलत असेल तर ‘कॉन्फेस्सा सुम’. त्याच प्रार्थनेत पुढे ‘प्रेकोर’, मी विनवतो, आणि तिच्यानंतरच्या उत्तरात ‘मिसेरेआतुर’, तो दया करो. दोन्ही डेपोनंट! सगळ्यात फसवं ‘मिसेरेरे नोबिस’. ‘मिसेरेरे’ दिसतं ‘दया करणं’ असं साध्या धातूच्या मूळ रूपासारखं, पण आहे आज्ञार्थ : आमच्यावर दया कर.

खरा उजेड पडला तो मात्र संस्कृतच्या तासाला. सर आत्मनेपद शिकवत होते : लभे, लभसे, लभते. मी लॅटिनचं सांगितल्यावर त्यांनी गीतेतला ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ हा चरण म्हणायला लावला. जायते, म्रियते, दोन्ही आत्मनेपदी. दुसऱ्या दिवशी फादरांनी फळ्यावर त्या चरणाखाली लिहिलं : ‘नास्कोर’, मी जन्मतो, ‘मोरिओर’, मी मरतो. दोन्ही डेपोनंट, आणि धातूही मुळात तेच, ‘जन्’ आणि ‘मृ’. ‘सेक्वितुर’ आणि वेदातलं ‘सचते’, म्हणजे मागोमाग जातो, ही तिसरी जोडी. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की ‘उतरवून ठेवलेला अर्थ’ ही नंतर जुळवलेली गोष्ट. या धातूंनी बहुधा काही उतरवलंच नाही. कर्तरी आणि कर्मणीच्या मधला जो जुना प्रयोग होता, त्याची ही वंशावळ. पाणिनीने त्याला आत्मनेपद हे स्वतंत्र नाव दिलं. लॅटिनमध्ये तो कर्मणीच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहिला.

फादरांचा पुढचा प्रश्न मराठीचा होता. “भाकरी खाल्ली म्हणतोस, मग चहा प्याला का नाही म्हणत?” वर्ग हसला. पण मुद्दा खरा होता. ‘मी भाकरी खाल्ली’त क्रियापद भाकरीच्या मागे जातं, कारण ‘खाल्ली’ मुळात कर्मणी. ‘मी चहा प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’ इथे मात्र कर्म समोर असूनही क्रियापद माझ्या मागे येतं. मूळ घडण कर्मणीची, वागणं कर्तरीचं. ‘सेकुतुस सुम’ म्हणजे ‘मी मागे गेलो’, त्याचीही तीच तऱ्हा.

डिसेंबर १९६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सात लोकभाषेला वाट मोकळी केली. पुढच्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला येऊन गेले, तेव्हा त्या गर्दीत आमच्या शाळेचीही मुलं होती. त्यानंतर वेदीवर मराठी आली. आजीला प्रथमच सगळं कळू लागलं, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लॅटिनच्या तासाची पोरं मात्र गळत गेली आणि तास बंद पडला. ‘अर्ध-डेपोनंट’ धातू, म्हणजे फक्त भूतकाळातच डेपोनंटसारखे वागणारे, शिकायचे राहिले होते. ते मी पुढे फोर्टच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या व्याकरणातून शिकलो : ‘गाउदेओ’, मला आनंद होतो, हे वर्तमानात सरळ; भूतकाळात मात्र ‘गाविसुस सुम’.