रॅम्प: होय

यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती सरकारला कळवायच्या फॉर्मात त्या शाळेच्या नावापुढे 'रॅम्प: होय' असं होतं, त्यामुळे टेप काढायचं त्या दिवशी काही कारण नव्हतं. मी गटसाधन केंद्रातली विशेष शिक्षिका. सातवीतल्या एका मुलाच्या यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे कागद न्यायला गेले होते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार. पाचवीपर्यंत भिंतीला धरून चालायचा, आता व्हीलचेअर.

मधली सुट्टी संपत आली होती. दोन पोरं लांबून पळत आली आणि त्याच झोकात त्यांनी त्याची खुर्ची वर चढवली. पळत नाही आलं तर चढतच नाही म्हणे. मग मोजलंच. जोतं 18 इंच, रॅम्प 5 फूट. उतार 1:12 हवा, एक इंच चढायला बारा इंच लांबी, म्हणजे 18 फूट लागतात. ही तर घसरगुंडी होती. "निधी तेवढाच आला, मॅडम," सर म्हणाले. त्यावर मी तरी काय बोलणार!

कागद शोधताना त्याच्या दप्तरातली पाण्याची बाटली हाताला लागली. गच्च भरलेली. मार्चचं ऊन, साडेतीन वाजलेले.

"पाणी नाही प्यालास?"

तो खाली बघत राहिला. शेजारचा पोरगा म्हणाला, "तो शाळेत पीतच नाही, मॅडम. मग लघवीला लागते ना."

दिव्यांग शौचालयही फॉर्मात 'होय'च होतं. आत कमोड, भिंतीला चकचकीत दांडी. दार 24 इंच, खुर्ची 26.

दोन वर्षं मी दर महिन्याला त्याला भेटत होते. वाचन, लेखन, व्यायाम, सगळ्याच्या नोंदी आहेत माझ्याकडे. हे एकदाही विचारलं नव्हतं.

सरांचं मात्र मानायला हवं. पुढच्याच आठवड्यात गवंडी लावून त्यांनी दार 36 इंचांचं केलं, बाहेर उघडणारं. खर्च कुठून केला, ते मी विचारलं नाही. रॅम्पचा प्रस्ताव वर गेलाय.

पण खुर्चीवरून उचलून कमोडवर बसवणार कोण? शाळेला शिपाई नाही आणि मित्रांना सांगायची त्याला लाज वाटते. सध्या मधल्या सुट्टीत सर स्वतःच नेतात. ते तालुक्याला मीटिंगला गेले, की बाटली भरलेलीच घरी जाते.