आईच्या नावातला डबल ई

व्हिएतनामला जायचं ठरलं ते बाबांमुळे. मध्य व्हिएतनाममधल्या दानांग शहरापासून दीड-दोन तासांच्या आत मी-सॉन नावाचं ठिकाण आहे. चौथ्या शतकापासून पुढे कितीतरी पिढ्या त्या भागातल्या चाम राजांनी तिथे शिवमंदिरं बांधली. पहिलं मंदिर उभारणाऱ्या राजाचं नाव भद्रवर्मा आणि देवाचं नाव भद्रेश्वर. बाबांनी हे कुठेतरी वाचलं आणि एकदा जेवताना सहज म्हणाले, "एवढ्या लांब संस्कृत शिलालेख आहेत म्हणे. बघायला पाहिजे." त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी फारसं काही मागितलेलं नाही. त्याच रात्री मी विमानाची तिकिटं बघायला बसले.

बाबा 71 वर्षांचे, आई 67. दोघं कराडला असतात, मी पुण्यात. दोघांचाही हा पहिलाच परदेश प्रवास, त्यामुळे तयारीची सगळी जबाबदारी माझ्यावर होती. आमची खरी परीक्षा झाली व्हिसाच्या अर्जात, म्हणून तेच जरा सविस्तर सांगते.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंतचा देतात. एकदाच प्रवेश करायचा असेल तर फी 25 डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर 50. अर्ज नामंजूर झाला किंवा आपण चूक केली, तरी पैसे परत मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' असतं, ते आधी बघा. शोधायला गेलं की हुबेहूब तशीच दिसणारी खासगी पानं वर येतात आणि त्याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतात.

अर्जात पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्पष्ट प्रत लागते आणि चष्म्याशिवाय काढलेला फोटो लागतो. कोणत्या विमानतळावर उतरणार आणि पहिला मुक्काम कुठे हेही विचारतात, त्यामुळे हॉटेल आधी ठरवलेलं बरं. धर्माचाही एक रकाना आहे. यातलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते आपलं मराठी नाव.

आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. आधारवर क्रम वेगळा, पॅनवर स्पेलिंग वेगळं. आईच्या नावाच्या शेवटी पासपोर्टवर डबल ई आहे, आधारवर आय. मी तिकिटं पासपोर्ट बघून काढली, पण व्हिसाचा अर्ज रात्री अकरा वाजता भरला, आणि हाताला सवय आयची. तिसऱ्या कामाच्या दिवशी तिघांचे व्हिसा आले. मी आनंदाने ते घरच्या ग्रुपवर टाकले आणि झोपले.

सकाळी सहाला बाबांचा फोन. "बाळा, आईचं नाव चुकलंय."

बाबांची नोकरी तहसील कार्यालयातली. सातबाऱ्यावर नावात एक अक्षर चुकलं तर माणसाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे त्यांनी तीस वर्षं रोज पाहिलंय. त्यांनी व्हिसाची प्रिंट काढून आणली होती आणि भिंग घेऊन ती पासपोर्टशी ताडून पाहिली होती.

व्हिसावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर विमानात बसूच देत नाहीत, असं होऊ शकतं. एका अक्षरासाठी कोण अडवतंय, असं मला म्हणणारेही भेटले. पण 67 वर्षांच्या आईला मुंबई विमानतळाच्या काउंटरवर उभं करून हे अजमावून बघायची माझी तयारी नव्हती. नवा अर्ज केला, 25 डॉलर पुन्हा भरले. या वेळी शनिवारी कराडला गेले आणि तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो. बाबा पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते, "एस, साताऱ्याचा. के, कराडचा," आणि मी टाइप करत होते. आई मागे उभी राहून स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत होती. पासपोर्टच्या पानाच्या तळाशी बाणासारख्या खुणांच्या ज्या दोन ओळी असतात, त्यात आडनाव आणि नाव कसं तोडलंय ते दिसतं. शंका आली की तिथे बघायचं, हेही बाबांनीच शोधून काढलं. दुसरा व्हिसा बरोबर आला. त्याच्या तीन प्रती काढून तीन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या.

पैशांची तयारीही घरीच करून घेतली. आम्ही गेलो तेव्हा, म्हणजे डिसेंबर 2024 मध्ये, एका रुपयाला साधारण तीनशे डाँग होते. आईला मी सोपा हिशोब शिकवला: शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्याची तिप्पट करायची आणि वर थोडं धरायचं. पन्नास हजारांचं शहाळं म्हणजे दीडशेच्या थोडं वर. दहा हजार आणि त्यावरच्या नोटा प्लास्टिकच्या असतात आणि त्या सगळ्यांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. वीस हजाराची नोटही निळी आणि पाच लाखाचीही निळी. घाईत एकीऐवजी दुसरी गेली तर सोळाशे रुपयांचा फटका. आईने त्यासाठी जुन्या खणाचा दोन कप्प्यांचा बटवा शिवला. मोठ्या नोटा आतल्या कप्प्यात, बाहेरच्यात फक्त सुटे. नऊ दिवसांत आमची एकही नोट चुकली नाही. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, न दुमडलेल्या, पेनाची रेघसुद्धा नसलेल्या नोटा मागून घ्या. आपल्या डेबिट कार्डाचा परदेशी वापर बहुधा बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून निघण्याआधीच सुरू करा. टॅक्सीसाठी ग्रॅब ॲपही इथूनच नोंदवा, कारण ओटीपी आपल्या भारतीय नंबरवर येतो.

कपड्यांबद्दल लोक सरसकट सांगतात, "तिकडे गरमच असतं." डिसेंबरमध्ये उत्तरेतल्या हनोईत सकाळी चांगला स्वेटर लागतो, दानांगजवळच्या होई आनला पावसाची सर कधीही येते आणि दक्षिणेतल्या सायगावकडे घाम निघतो. आम्ही सायगाव वगळलं. वयस्कर माणसांना घेऊन नऊ दिवसांत दोन भाग पुरे झाले.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि सगळी केबिन बॅगेत. विम्याच्या अर्जात बाबांचा रक्तदाब आणि आईची साखर न लपवता लिहिली. हप्ता वाढला, पण रात्री झोप लागली.

आईची एकच काळजी होती, खायचं काय. ती अंडंही खात नाही आणि व्हिएतनामी स्वयंपाकात माशाचा सॉस, नुओक माम, जवळपास सगळीकडे असतो. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, भाजीतही तो पडतो. शब्द लक्षात ठेवायचा तो 'चाय'. हा आपला चहा नव्हे, चाय म्हणजे शाकाहारी, तिथल्या बौद्ध परंपरेतला. ज्या दुकानाच्या पाटीवर हा शब्द असेल तिथे निर्धास्त बसावं. मी एका कार्डावर व्हिएतनामीत लिहून घेतलं की आम्ही शाकाहारी आहोत, मासळीचा सॉस आणि अंडं नको, आणि ते आईच्या बटव्यात ठेवलं. शिवाय मेतकूट, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

14 डिसेंबरला, दत्तजयंतीच्या दिवशी, आम्ही हनोईला उतरलो. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी बाबा आईच्या मागेच उभे होते, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रिंट हातात धरून. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने स्वतः एका गल्लीत 'चाय'ची पाटी शोधली. आत बसायला जागा नव्हती. तिकडे चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक शाकाहार पाळतात, आणि त्यांच्या पंचांगाप्रमाणे तो पौर्णिमेचा दिवस होता. आईच्या वयाच्या एका बाईंनी सरकून आम्हाला बाकावर जागा करून दिली. आईने बटव्यातून कार्ड काढून दाखवलं. त्या बाईंनी ते वाचलं, मान हलवली आणि आपल्या ताटातला टोफू आईच्या वाटीत वाढला.