पाचास एक

होडीच्या केबिनमधली जमीन नव्याने बसवली, त्याबद्दल लिहायचंय, पण आधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं मला नीट सुचायचं नाही. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा लेप. त्याच्या डब्यांवर बसवायचे जे दाबपंप मिळतात, ते बऱ्याचदा प्रमाण आधीच जुळवून बनवलेले असतात. रेझिनचा एक दाब, हार्डनरचा एक दाब, बस्स. डब्यावर ५:१ छापलेलं असलं तरी. कारण रेझिनचा पंप एका दाबात हार्डनरच्या पाचपट माल सोडतो. आज हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं.

होडी चाळिशी उलटलेली, फायबरची, एका डोलकाठीची, तीस फुटांच्या आतबाहेर. केबिनमधली जमीन म्हणजे १८ मिलिमीटरचा प्लाय. वरून सागाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि मधूनमधून पांढऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या. फोटोत फार देखणी दिसते. पण हे व्हिनिअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि आधीच्या मालकांपैकी कुणीतरी ते 'जरा घासून चकचकीत करू' म्हणून मशीनने घासलं होतं. शिडीच्या पायथ्याशी साग संपून खालचा काळपट थर उघडा पडला होता. तुमच्या फळ्या नुसत्या मळक्या असतील आणि व्हिनिअर शाबूत असेल, तर मशीन लांब ठेवा. हाताने, बारीक सँडपेपरने, तेही वरचं वॉर्निश निघेपर्यंतच.

माझ्या फळ्या नुसत्या मळक्या नव्हत्या. डोलकाठीच्या पायाशी टाच दाबली की फळी आत जायची. मला वाटलं, बिल्जमधलं, म्हणजे जमिनीखाली होडीच्या तळाशी साचणारं, समुद्राचं पाणी लागून कुजली. प्रत्यक्षात बिल्जच्या बाजूच्या फळ्या त्यातल्या त्यात बऱ्या होत्या. कुजल्या होत्या त्या डोलकाठीच्या भोकातून पावसाचं पाणी ठिबकायचं तिथल्या. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी लाकडाला जास्त कुजवतं, हे मी ऐकलं होतं, पण पटाशी लाकडात लोण्यासारखी शिरताना बघेपर्यंत खरं वाटलं नव्हतं. त्यामुळे जमिनीला हात घालण्याआधी वरची गळती बंद करा. मी ती नंतर केली, म्हणजे दोन कामं उलट्या क्रमाने झाली.

जुन्या फळ्या काढायला एक शनिवार पुरला. स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या पटाशीने उकरत बसू नका, कडा तुटतात. खुंटीच्या मधोमध बारीक भोक पाडायचं आणि त्यात एक लाकडाचा स्क्रू पिळायचा. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं की खुंटी आपोआप वर उचलली जाते. प्रत्येक फळीच्या पाठीवर नंबर घाला आणि नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने बाण काढा. माझ्याकडे १ ते ७ असे नंबर होते. नंबर ६ लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

मापं घेताना कळलं की होडीची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही. एका बाजूची फळी उलटी करून दुसऱ्या बाजूला चालेल या भ्रमात राहू नका. मी पातळ प्लायच्या पट्ट्या गरम गोंदाने एकमेकींना चिकटवून प्रत्येक जागेचा सांगाडा केला, तो उचलून नव्या शीटवर ठेवला आणि आखलं. भोवती दोनेक मिलिमीटरची फट सोडली, कारण लाकूड फुगतं आणि घट्ट बसवलेली फळी ऐन वेळी बिल्जमध्ये पाणी आलं की उघडत नाही. शीट २४४० बाय १२२० ची. व्हिनिअरमधल्या पांढऱ्या पट्ट्या एका फळीतून दुसरीत सरळ जायला हव्या असतील तर शीटवर फळ्यांची मांडणी होडीत असते तशीच करावी लागते, मग माल वाया जातो. जाऊ दे. रेघा मोडलेल्या दिसल्या तर त्या रोज दिसतात. कापताना रेघेवर आधी कटरने खोल ओरखडा काढला, वर चिकटपट्टी लावली आणि जिगसॉ मागच्या बाजूने चालवली, म्हणून व्हिनिअर उपटलं नाही.

'मरीन प्लाय' या शब्दाबद्दल एक. बीएस १०८८ चा, म्हणजे मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा, शिक्का असला की डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतात. पण म्हणून लाकूड कुजत नाही असं नाही. ओकुमे या हलक्या आफ्रिकी लाकडाचा प्लाय तर ओलसर राहिला की आरामात कुजतो. पाणी शिरतं ते कडांमधून, जिथे थरांची तोंडं उघडी असतात. म्हणून खालची बाजू आणि कडा इपॉक्सीने बंद करायच्या. माझ्या जुन्या फळ्यांच्या कडांना कारखान्यातून कोरडं लाकूडच होतं, साधा रंगसुद्धा नव्हता.

तर इपॉक्सी.

दोन डबे, दोन पंप, आणि पंपांच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. डब्यावर ठळक अक्षरांत ५:१. मी हिशेब केला. पाच दाब रेझिनचे, एक हार्डनरचा. कागद उघडून टेबलावर पसरला आणि त्यावर मिसळायचं भांडं ठेवलं, म्हणजे थेंब पडले तर टेबल खराब नको. मोठं व्यवस्थित काम चालल्यासारखं वाटत होतं. रोलरने सातही फळ्यांची पाठ आणि कडा रंगवल्या. कडा तर अशा पीत होत्या की मी भरभरून पाजलं.

आता इपॉक्सीचा एक नियम असा की पहिला हात पूर्ण घट्ट व्हायच्या आत, बोटाला चिकटतोय अशा अवस्थेत दुसरा दिला की मध्ये घासावं लागत नाही. संध्याकाळी बोट लावलं, चिकट. उत्तम. दुसरा हात दिला. सकाळी बोट लावलं, चिकट. वा, वेळ अगदी अचूक साधली. तिसरा दिला. असे तीन हात झाल्यावर मी हातमोजे काढून टाकले आणि फोटोही काढले.

दुसऱ्या दिवशी चिकट. तिसऱ्या दिवशी चिकट. चौथ्या दिवशी एक माशी बसली ती उठलीच नाही.

जिथून माल घेतला तिथे फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "मॅडम, गारठा आहे का?" होता थोडा. "मग वेळ लागणारच, थांबा." त्याचं म्हणणं तत्त्वतः चूक नव्हतं. तापमान साधारण दहा अंशांनी घसरलं की इपॉक्सीला घट्ट व्हायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. मी थांबले. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "हीटर लावा." मोठा दिवा आणून फळ्यांवर लावला. सुकायचं सोडून ते गरम होऊन पातळ झालं आणि कडेवरून मधासारखं ठिबकायला लागलं. तिसऱ्यांदा फोन केला, तेव्हा त्याने बॅच नंबर लिहून घेतला आणि कळवतो म्हणाला. कुणी काही कळवलं नाही. पण माझा राग त्याचा नाही. तीन फोनांत त्याने एकदाही विचारलं नाही की तुम्ही मिसळलं कसं. एकच प्रश्न होता.

मी इथे 'धीर धरा' वगैरे सांगणार नाही. धीराने माझे नऊ दिवस खाल्ले. नीट मिसळलेलं इपॉक्सी रात्रभरात कडक होत नसेल आणि थंडी कडाक्याची नसेल, तर तिसऱ्या दिवसानंतर वाट बघण्यात अर्थ नाही.

नवव्या दिवशी शेजारच्या होडीवरचे काका आले. त्यांनी फळीला बोट लावलं, वास घेतला आणि विचारलं, "अगं, उरलेलं भांडं कुठे आहे?"

फेकून दिलं, म्हटलं.

"फेकलंस तेव्हा गरम झालं होतं का?"

नाही. तेव्हा मला कळायला हवं होतं. बरोबर मिसळलेला माल भांड्यात साचून राहिला तर स्वतःच्या उष्णतेने तापतो, कधीकधी धूरही निघतो, आणि तासाभरात दगड होतो. माझं भांडं शेवटपर्यंत गार होतं आणि मी त्यातला उरलेला माल चक्क ओतून टाकला होता. ओतता आला, यातच सगळं आलं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळचं भांडं तळाशी थोडा माल ठेवून, तारीख लिहून बाजूला ठेवते.

काकांनी मग दोन्ही डबे हलवून पाहिले. रेझिनचा जवळजवळ रिकामा, हार्डनरचा जवळजवळ भरलेला. हे दोन डबे बरोबर संपावेत अशाच मापाने विकतात. हा फरक मलाही दिसला होता. मी मनात म्हटलं होतं, हार्डनर बराच वाचला.

"पंप किती वेळा दाबलास?"

पाचास एक.

ते काही बोलले नाहीत. वाकून टेबलावरचा तो कागद, डागाळलेला, भांड्याच्या गोल ठशासकट, सोडवून काढला आणि माझ्यापुढे धरला. चित्र होतं. एक बोट, एक दाब. दुसरं बोट, एक दाब. पाच पाचा पंचवीस. मी पंचवीसास एक मिसळलं होतं. ते आणखी नऊ वर्षं ठेवलं असतं तरी चिकटच राहिलं असतं, कारण हार्डनर म्हणजे नुसता सुकवायचा मसाला नव्हे. दोघांचे रेणू एकमेकांत गुंततात तेव्हा ते घट्ट होतं, आणि एकाला जोडीदारच नसेल तर तो तसाच मोकळा राहतो. वरून नुसता हार्डनर फासून काम होत नाही, तेही विचारून झालं.

बरोबर मिसळलेला एक हात वरून दिला तर? काका नको म्हणाले. मी नंबर ६ वर करून पाहिलं. वर छान कडक पापुद्रा आला, खाली तसंच मऊ.

मग खरडणं. हीट गनने थोडं गरम करायचं, रुंद पत्रीने ओढायचं, रद्दीवर पुसायचं, पुन्हा गरम करायचं. पेपरने घासायला जाऊ नका, दोन फेऱ्यांत पेपर तुंबतो. उरलेलं ॲसिटोनच्या फडक्याने, आणि फडकं सतत बदलत, नाहीतर तुम्ही फक्त घाण इकडून तिकडे नेता. खिडक्या उघड्या, मास्क, नायट्राइलचे हातमोजे. हात खराब झाले तर साबण, ॲसिटोन नाही; तो ते कातडीत आणखी आत नेतो. हे माझ्या मनगटावरच्या पुरळाने शिकवलं.

पाठी साफ झाल्या. कडा होईनात. मी पाजलेलं सगळं थरांत शिरून बसलं होतं. दोन संध्याकाळी त्या कडांकडे नुसती बघत बसले. शेवटी कडा सरळ ६ मिलिमीटरने कापून टाकल्या आणि तेवढ्याच जाडीच्या अस्सल सागाच्या पट्ट्या चिकटवल्या. साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसावा लागतो. कबूल करायला जड जातंय, पण फळ्या आता मूळच्या बेतापेक्षा चांगल्या दिसतात. प्लायचे थर कुठेच दिसत नाहीत, आणि पाय लागून व्हिनिअरचा कोपरा उडत नाही. हे मी पहिल्यापासून करायला हवं होतं, असं काका म्हणाले. मी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

या वेळी आधी एक छोटी वाटी मिसळली. अर्ध्या तासात हाताला चटका बसला. इतका आनंद मला होडी पाण्यात सोडतानाही झाला नव्हता. तीन हात, तिन्ही वेळेवर. घट्ट झाल्यावर पृष्ठभागावर कधीकधी मेणचट थर येतो. तो पेपरने नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने निघतो. मग घासा.

वरच्या बाजूला वॉर्निश. इपॉक्सी उन्हाने खराब होतं, आणि शिडीच्या दारातून ऊन येतंच. चकचकीत वॉर्निश घेऊ नका, ओल्या पायांनी घसरायला होतं, त्यात होडी कललेली असते. मी सॅटिन, म्हणजे कमी चमकेचं, दिलं, चार हात.

फळ्या गोंदाने चिकटवू नका, स्क्रूनेच बसवा. खाली कण्याचे, म्हणजे होडीच्या तळाचं वजन धरून ठेवणारे, बोल्ट असतात, ते कधी ना कधी बघावे लागतात. फळ्या निघालेल्या असतानाच ते बघून घ्या, आणि आडव्या आधारांमधली पाणी वाहून जायची भोकंही मोकळी करा. माझ्या एका भोकात जुन्या पेन्सिलीचा तुकडा अडकला होता. बिल्जवरच्या उचलायच्या फळ्यांना कडी नव्हे, फिरवून बंद होणारी खिटी लावा, म्हणजे होडी आडवी झाली तरी फळी उडत नाही.

नंबर ६ नकाशाच्या टेबलाखाली आहे. तिथे पाय फारसा पडत नाही, आणि पापुद्रा खरडायची ताकद उरली नव्हती, म्हणून ती तशीच बसवली. उचलून पाठीवर अंगठा दाबला की अजून ठसा उमटतो. काका आले की आधी तीच उचलून बघतात.